समदर्शी नियम, एकतर्फी जग

जग घडवणारा सर्वांना समान लेखत असेल, तर त्याच्या जगात इतकी विषमता कुठून आली? ब्रह्मसूत्रांच्या दुसऱ्या अध्यायात (२.१.३४) हा आक्षेप दोन नावांनी येतो: वैषम्य आणि नैर्घृण्य, म्हणजे पक्षपात आणि निर्दयपणा. परंपरा ज्यांना नर्मदाकाठी गोविंदभगवत्पादांचे शिष्य मानते, त्या शंकराचार्यांचं उत्तर असं की ईश्वर पावसासारखा आहे. पाऊस सर्व शेतांवर सारखाच पडतो. पिकं वेगवेगळी येतात ती बियांमुळे. जीवाच्या बाबतीत हे बी म्हणजे कर्म. मग सृष्टीच्या आरंभी, कर्मच घडलेलं नसताना, पहिला फरक कशाने पडला? त्यावर पुढचं सूत्र म्हणतं, संसार अनादी आहे, आरंभ असा नाहीच. हा वाद अतिशय काटेकोर आहे, पण त्यात आक्षेप घेणारा आणि उत्तर देणारा दोघेही एक गोष्ट धरून चालतात: कार्यात विषमता दिसली की ती कारणात कुठेतरी आधीपासून असलीच पाहिजे. मला हे गृहीतक टिकणारं वाटत नाही, आणि त्याविरुद्धचा माझा पुरावा अतिसंवाहक, म्हणजे विरोधाशिवाय वीज वाहू देणाऱ्या, पदार्थांतला आहे.

पदार्थातले इलेक्ट्रॉन ज्या विद्युतचुंबकीय नियमांनी चालतात, ते काळाच्या दोन दिशांत भेद करत नाहीत. इलेक्ट्रॉनांच्या हालचालीचं चित्रण उलटं फिरवलं तर दिसणारी हालचालही तितकीच नियमाला धरून असते. याला काल-प्रतिवर्तन सममिती म्हणतात. जबलपूरच्या ग्वारीघाटावर येणारे परिक्रमावासी नर्मदा उजव्या हाताला ठेवून चालतात. त्याच वाटेने कुणी उलट फिरला तर ती त्याच्या डाव्या हाताला येईल. वाट दोघांनाही सारखीच चालू देते, तसेच हे नियम. नेहमीच्या अतिसंवाहकात इलेक्ट्रॉनांच्या जोड्या जमतात, आणि जोडीतले दोघे एकमेकांची काल-उलट प्रतिमा असतात: एकाचा संवेग आणि फिरकी जशी, दुसऱ्याची नेमकी तिच्या उलट. म्हणजे ही अवस्था दोन दिशांच्या समतोलावरच उभी आहे. म्हणूनच समतोल मोडणाऱ्या लोखंडी चुंबकाचं सोपं उदाहरण सोडून मी इथे आलो. काही अपारंपरिक अतिसंवाहकांत, जिथे समतोल हाच पाया असायला हवा तिथेच, थंड होता होता तो मोडतो आणि बाहेरून कोणतंही चुंबकीय क्षेत्र न लावता आत क्षीण चुंबकत्व उमटतं.

सहा भाग रेनियम आणि एक भाग झिर्कोनियम असलेलं संयुग सुमारे उणे २६६ अंश सेल्सिअसला अतिसंवाहक होतं. २०१४ मध्ये रवी प्रकाश सिंह आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्यात म्यूऑन नावाचे कण सोडून हे चुंबकत्व टिपलं. सिंह यांचा गट आज मध्य प्रदेशातच, भोपाळच्या आयसरमध्ये, अशा पदार्थांवर काम करतो. म्यूऑन सरासरी २.२ मायक्रोसेकंद जगतो, आणि मरताना बाहेर पडणाऱ्या पॉझिट्रॉनांवरून त्याला आत कोणतं क्षेत्र जाणवलं ते कळतं. माझ्या प्रश्नाला याहून थेट भिडणारा प्रयोग स्टॅनफर्डमध्ये २००६ साली झाला. स्ट्रॉन्शियम रुथेनेट या पदार्थावरून परतणाऱ्या प्रकाशाचं ध्रुवण, म्हणजे त्याच्या कंपनाची दिशा, अतिसंवाहक अवस्थेत किंचित वळलेलं आढळलं, एका रेडियनच्या अब्जांशांच्या हिशेबात. क्षेत्राशिवाय थंड केलं तर ते कधी एका बाजूला वळे, कधी दुसऱ्या. थंड करताना छोटं चुंबकीय क्षेत्र लावून मग काढून घेतलं, तर त्या क्षेत्राची दिशा बाजू ठरवी.

इथे शंकरमताचा अभिमानी म्हणेल, हेच तर आमचं बी! बाहेरचं क्षेत्र, नाहीतर एखादा नकळत राहिलेला सूक्ष्म कल. फरकाला कारण सापडलंच ना? सापडलं, पण ते कशाचं कारण आहे हे नीट पाहायला हवं. त्या क्षेत्राने फक्त बाजू ठरली. क्षेत्र काढून घेतल्यावरही वळण उरलं, आणि ते किती असावं हे पदार्थाने स्वतः ठरवलं. कुठलीतरी एक बाजू घ्यावीच लागणं हे समदर्शी नियमांतूनच आलं, कारण पदार्थ ज्या तापमानाला अतिसंवाहक होतो त्याखाली समतोल अवस्थाच अस्थिर होते. कर्मसिद्धान्त दोन प्रश्नांना एकच उत्तर देत आला आहे: जगात विषमता मुळात का आहे, आणि अमक्याच्या वाट्याला अमुकच का आलं. दुसऱ्या प्रश्नात बीजाला जागा आहे. पहिल्यासाठी मात्र बीजाची गरज नाही, आणि ती नसेल तर केवळ या आक्षेपापोटी संसार अनादी मानण्याचीही सक्ती उरत नाही.

दुसरा आक्षेप पुराव्यावरच आहे. स्ट्रॉन्शियम रुथेनेटमधल्या जोड्यांचा प्रकार अनेक वर्षं ठरल्यासारखा होता. २०१९ मधल्या चुंबकीय अनुस्पंदनाच्या मोजमापांनी तो पुन्हा वादात आणला. त्या पदार्थाच्या कडांवर अपेक्षित असलेले प्रवाहही शोधूनही मिळालेले नाहीत. हे गंभीर आहे, आणि त्या एकाच पदार्थावर माझा वाद उभा असता तर मी तो मागे घेतला असता. पण सममित नियमांतून असममित अवस्था निपजते, हे रेनियमच्या संयुगांपासून साध्या चुंबकापर्यंत वेगवेगळ्या मार्गांनी दिसलं आहे. तिसरी शंका रास्त सावधगिरीची आहे. जबलपूरशी जुनं नातं असलेल्या महर्षी महेश योगींच्या चळवळीने अतिसंवाहकाचा माइसनर परिणाम, म्हणजे चुंबकीय क्षेत्र बाहेर ढकलण्याचा त्याचा गुण, चेतनेच्या अभेद्यतेसाठी दाखल्यादाखल वापरला होता. हेही तसलंच नाही का? माझा दावा त्याहून पुष्कळ लहान आहे. धातूच्या तुकड्यातून ईश्वर सिद्ध होत नाही, खोटाही ठरत नाही. ‘विषम कार्याला विषम कारण हवंच’ या सार्वत्रिक विधानाला मात्र एक खरं प्रतिउदाहरण पुरतं, मग ते कुठल्याही क्षेत्रातून येवो.

सूत्रातला दुसरा शब्द, नैर्घृण्य, याने हलत नाही. पदार्थाला डावं वळण मिळो की उजवं, त्याला काही सोसावं लागत नाही, जीवाला लागतं. तिथे समदर्शी असणं पुरेसं आहे का, हा आक्षेप शंकराचार्यांसमोर होता तसाच आपल्यासमोर आहे, आणि त्याचं उत्तर कोणत्याही प्रयोगशाळेकडे मागता येणार नाही.