छंद आणि सोबत

समान आवडीची माणसे एकत्र आली म्हणजे त्यांचा समाज बनतो काय? प्रश्न दिसावयास सोपा आहे आणि पुष्कळांस त्याचे उत्तर 'होय' असेच वाटेल. जात, गाव, भाऊबंद ही जन्माची नाती माणूस निवडीत नाही; छंदाने जुळलेली नाती तो स्वतः निवडतो. तेव्हा ती अधिक निर्मळ असली पाहिजेत, असे तारुण्यात आम्हांसही वाटे. १८५७ साली लंडन येथे अल्पाइन क्लब स्थापन झाला, १९२८ साली हिंदुस्थानात हिमालयन क्लब निघाला, आणि पुढे आपल्याकडेही शहरोशहरी गिरिभ्रमणाची मंडळे झाली. अशाच एका मंडळाचे आम्ही कित्येक वर्षे सभासद होतो.

त्या सहवासाचे सुख ज्याने अनुभवले नाही, त्यास ते सांगून पटणे कठीण. शनिवारी रात्रीच्या शेवटच्या गाडीने निघावे, पायथ्याच्या गावी देवळाच्या ओसरीवर पाठ टेकावी आणि उजाडण्यापूर्वी चालू लागावे. बँकेतील अधिकारी, शाळामास्तर आणि कारखान्यातील फिटर एकाच पातेल्यातील खिचडी खातात. कोणी कोणाचे आडनाव विचारीत नाही. घरी ज्यास दोन वाक्ये बोलणे जड जाते, तो एखाद्या विसरलेल्या घाटवाटेविषयी तासभर बोलतो. एकट्याने जो चढ अर्ध्यावर सोडला असता, तो दहांच्या संगतीत सहज चढून होतो. हे ऋण आम्ही नाकारीत नाही.

तथापि ॲरिस्टॉटलने आपल्या नीतिशास्त्रावरील ग्रंथात मैत्रीचे तीन प्रकार कल्पिले आहेत: उपयोगासाठी केलेली, सुखासाठी केलेली आणि सद्गुणावर आधारलेली. पहिल्या दोहोंत प्रेम माणसावर नसते, त्याच्यापासून मिळणाऱ्या लाभावर वा सुखावर असते. ते सरले की मैत्रीही सरते. मंडळातील मैत्री या दुसऱ्या प्रकारची तर नव्हे? वर्गात हा भाग शिकविताना ही शंका आम्हांस कधी आली नाही. ती आली हरिश्चंद्रगडावर.

या गोष्टीस आता पंचवीस वर्षे होतील. पावसाळा नुकताच सरला होता. खिरेश्वराहून तोलार खिंडीच्या वाटेने आम्ही बाराजण गड चढत होतो आणि त्या दिवशी पुढारीपण आमच्याकडे होते. आमच्यात एक गृहस्थ होते. वयाने वडील, कचेरीत कारकून, चालण्यात सर्वांत मंद. परंतु सामाईक पातेले आणि तांदूळ नेहमी त्यांच्याच पाठीवर असत, कारण ते वाहावयास दुसरा कोणी पुढे होत नसे. खिंडीवरील कातळटप्पा ओलांडल्यावर ते मागे पडू लागले. सूर्य कलला होता, आणि कोकणकड्यावरून सूर्यास्त पाहावयाचा हाच तर सर्वांचा बेत. "तुम्ही व्हा पुढे, मी येतोच," ते म्हणाले. आम्ही त्यांचे तत्काळ ऐकले. कारण आम्हांस तेच ऐकावयाचे होते.

सूर्यास्त अपूर्व झाला. गडमाथ्याच्या त्या वाटेवर एकसारख्या दिसणाऱ्या टेकाडांमागून टेकाडे येतात आणि अंधारात नवख्यास दिशा कळत नाही. रात्री नऊच्या सुमारास खालच्या वाडीतील एका माणसाने त्यांस देवळापाशी आणून पोचविले. त्यांनी तक्रारीचा शब्द काढला नाही. पातेले उतरवून चुलीजवळ ठेवले. पुढच्या महिन्यात ते आले नाहीत, त्यानंतरही आले नाहीत. त्यांची आठवण आम्हांस झाली ती पातेले आता कोणी आणावे हा प्रश्न निघाला तेव्हा. काही वर्षांनी ते रस्त्यात भेटले. क्षेमकुशल झाल्यावर त्यांनी सहज विचारले, "त्या दिवशी कड्यावर ढग नव्हते ना हो?"

त्यांच्या मनात टोमणा नव्हता, म्हणूनच तो प्रश्न आम्हांस अद्याप सोडीत नाही. समान उत्साह सर्वांची तोंडे एका दिशेस वळवितो. आणि ज्यांची तोंडे एका दिशेस आहेत, त्यांस मागचा दिसत नाही. २००६ च्या मे महिन्यात एव्हरेस्टच्या उत्तरेकडील वाटेवर एक इंग्रज गिर्यारोहक मरणोन्मुख पडला असता सुमारे चाळीसजण त्याच्याजवळून गेले, असे तेव्हा प्रसिद्ध झाले. त्यानंतर थोड्याच दिवसांनी, आदल्या रात्री मृत समजून सोडलेला लिंकन हॉल त्याच वाटेवर डॅन मेझर व त्याच्या साथीदारांस जिवंत आढळला. ते त्याच्यापाशी थांबले. मदत येईतो शिखराची वेळ टळली, आणि ते शिखर न गाठताच परतले. हॉल वाचला. शिखराची ओढ दोन्ही वेळी सारखीच होती.

कोणी म्हणेल, सर्वांत मंद माणसासाठी सर्वांनीच थांबावयाचे, तर सूर्यास्त कोणी पाहावयाचा? आक्षेप खरा आहे. काही सूर्यास्त गमवावे लागतील. परंतु त्या दिवशी ते गृहस्थ काय गमावीत आहेत, हे वाडीतील त्या माणसास ठाऊक असण्याचे कारण नव्हते; आम्हांस मात्र पुरते ठाऊक होते. ज्यास एखाद्या गोष्टीची आवड आहे, त्यासच तिच्या वियोगाचे दुःख कळते. म्हणून समान छंद हा समाज नव्हे. ती समाज होण्याची पात्रता आहे, आणि त्याबरोबर येणारी जबाबदारीही.

आपल्या वारीने ही गोष्ट फार पूर्वीच ओळखली आहे. ज्ञानेश्वर महाराजांच्या पालखीसोहळ्यात मुक्कामी समाज-आरतीच्या वेळी चोपदार दंड उंचावून सर्वांस शांत करतो. परंतु ज्या दिंडीची तक्रार असेल, ती आपले टाळ वाजवीतच राहते. तिचे ऐकून घ्यावेच लागते. नंतर हरवल्या-सापडल्याची वर्दी दिली जाते. भक्तीचा एवढा पूर लोटलेला असताही मागे राहिलेल्यासाठी तेथे रोज वेळ राखून ठेविलेला आहे. आमच्या मंडळात टाळ नव्हते, आणि ते गृहस्थ वाजविणारेही नव्हते.

निघताना माणसे मोजण्याची रीत प्रत्येक मंडळात असते. ती पुढच्या महिन्यात, घरी बसून, पुन्हा एकदा मोजावीत, एवढीच आमची सूचना आहे.