तुरुंगाधिकाऱ्याची नोकरी आणि सम्यक आजीविका



एका धम्मभगिनीने मला विचारले, ‘गुरुजी, मुलगा तुरुंगाधिकारीपदाच्या परीक्षेला बसतो म्हणतो. पंचशील घेतलेल्या घरातल्या पोराने माणसे कोंडण्याची नोकरी करावी काय?’ हा प्रश्न हसण्यावारी नेण्याजोगा नाही.

तथागतांनी उपासकाला पाच व्यापार वर्ज्य सांगितले: शस्त्रे, प्राणी, मांस, मद्य आणि विष यांचे. कारागृहाची चाकरी त्यांत नाही. पण यादीत नाव नाही, एवढ्याने सुटका होत नाही. ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथात पूज्य बाबासाहेबांनी सिंह सेनापतीचा प्रसंग घेतला आहे. अपराध्याला शिक्षा होऊ नये, असे तथागत म्हणत नाहीत. शिक्षा देणाऱ्याच्या मनात द्वेष नसावा, असे सांगतात. म्हणजे ज्याच्या हाती किल्ली, त्याचे मन कसे आहे यावर सारे आले.

आणि हे मन बिघडविणारी व्यवस्था तुरुंगात लेखी होती! काही राज्यांच्या कारागृह नियमावल्यांत स्वयंपाक वरच्या जातीच्या बंद्याकडे, झाडलोट व मैला खालच्याकडे, अशी वाटणीच होती. 14 ऑक्टोबर 1956 रोजी नागपुरात आपण जे टाकून दिले, ते भिंतीआड सरकारी कागदावर टिकून राहिले. सुकन्या शांता या पत्रकार महिलेच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने 3 ऑक्टोबर 2024 रोजी असे नियम घटनाबाह्य ठरविले. बंद्यांच्या नोंदवहीतील जातीचा रकानाही काढावयास सांगितला. विमुक्त जमातीचा माणूस म्हणजे सराईत गुन्हेगार, हे 1871 च्या कायद्यापासून चालत आलेले गृहीतही मोडीत काढले. त्याचा अर्थ आपल्याकडच्या पारधी बेड्यांवर कोणाला समजावून सांगावा लागत नाही.

परंतु निकाल लागतो दिल्लीत; झाडू कोणाच्या हाती द्यावयाचा, हे रोज सकाळी बराकीत ठरते. ते ठरविणारा आपल्यातला नसावा, असे म्हणणाऱ्यांशी मी सहमत नाही.

एक गाठ मात्र सुटत नाही. नागपूर व येरवडा येथे फाशीची व्यवस्था आहे. 30 जुलै 2015 रोजी नागपुरात फाशी दिली गेली. बाबासाहेबांनी 3 जून 1949 रोजी घटना समितीत फाशी रद्द करण्याच्या बाजूने मत मांडले होते. आज वर्ध्याच्या जिल्हा कारागृहात असलेल्याची उद्या नागपूरला बदली होऊ शकते. त्या पहाटे हजर राहण्याचा हुकूम आला, तर पहिल्या शीलाचे काय? ‘ही माझी इच्छा नव्हती, कायद्याचे काम होते,’ हे उत्तर मला अर्धेच वाटते.

त्या भगिनीला मी सांगितले, अर्ज भरण्यापूर्वी मुलाशी याच गोष्टीवर बोला. येरवड्याला प्रशिक्षणास गेल्यावर त्याला ही सवड मिळणार नाही.