आरंभीचा दोष

मनुष्य रस्त्यात घसरून पडला की पाहणाऱ्यास बहुधा आधी हसू येते आणि मागाहून कीव येते. पडणारा वृद्ध किंवा आजारी असेल तर हा क्रम पाळला जात नाही, हेही खरे. परंतु एखादा जाणता, प्रौढ गृहस्थ काही नवे शिकावयास जातो आणि त्या खटपटीत आपटतो, तेव्हा मात्र जगाला हसण्याचा जणू परवानाच मिळतो. “या वयात हे कशाला?” हा प्रश्न सहजच तोंडी येतो. गोष्ट वरवर क्षुल्लक दिसते. तथापि तिच्या मुळाशी नीतीचा एक प्रश्न दडलेला आहे आणि देवळाभोवती वाढलेल्या आपल्या समाजाने त्याचा विचार करावा, असे आम्हांस वाटते. शिकाऊ माणसाच्या हातून होणाऱ्या चुकीस दोष म्हणावयाचे काय? म्हणावयाचे तर तो दोष कोणाचा? आणि ज्या कृतीत असा दोष राहून गेला आहे ती देवापुढे ठेवावी काय?

या विचारासाठी आम्ही दोन उद्योग निवडतो. एक आपल्या हवामानाला सर्वस्वी परका असा बर्फावरचा खेळ आणि दुसरा आपल्या ओसरीवरचे हातकाम. पहिल्यात नवशिक्याची चूक त्याच्या स्वतःच्या अंगावर येते. दुसऱ्यात ती वस्तूच्या अंगावर उमटते. एवढा भेद सोडला तर नवशिक्याची अवस्था दोन्हीकडे एकच.

पायांस लांब लाकडी पट्ट्या बांधून बर्फावरून घसरत जाण्याची विद्या मूळची उत्तरेकडील देशांची. तेथे ती शतकानुशतके प्रवासाचे साधन होती. स्की या नावाच्या त्या पट्ट्या माणसे हाताने तासून तयार करीत. नॉर्वेतील टेलेमार्क प्रांतातला सोन्द्रे नोरहाइम हा या खेळाचा एक आद्य पुरुष मानला जातो. तोही आपल्या पट्ट्या स्वतः घडवीत असे. म्हणजे त्याच्या ठायी खेळ आणि हातकाम ही दोन्ही एकत्र नांदत होती. स्वित्झर्लंडच्या पर्वतांत मात्र ही विद्या उशिरा, एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस रुजू लागली. डाव्होस या गावी टोबियास आणि योहानेस ब्रांगर या दोघा भावांनी ती आपल्या हिमतीने शिकण्याचा खटाटोप केला. लोकांची चेष्टा टाळण्यासाठी ते अंधार पडल्यावर सराव करीत, असे त्यांच्याविषयी सांगितले जाते. पर्वताला न भिणारे हे धीट पुरुष. त्यांनाही शेजाऱ्यांच्या हसण्याचे भय वाटले!

याच गावी आपल्या क्षयग्रस्त पत्नीच्या प्रकृतीसाठी आर्थर कॉनन डॉयल येऊन राहिले होते. शेरलॉक होम्सच्या कथांमुळे त्यांचे नाव तेव्हा सर्वतोमुखी झालेले होते. वय चौतीस वर्षांचे, देह धिप्पाड. मार्च १८९४ मध्ये ब्रांगर बंधूंच्या सोबतीने त्यांनी मायनफेल्डर फुर्का ही खिंड ओलांडून डाव्होसहून आरोसा गाठले. त्या वर्षाच्या अखेरीस ‘स्ट्रँड’ मासिकात त्यांनी या सफरीचा वृत्तान्त लिहिला. त्यात पराक्रमाच्या वर्णनापेक्षा स्वतःच्या फजितीचीच वर्णने अधिक रंगलेली आहेत. पायांतील पट्ट्या नवशिक्याला कशा दगा देतात, पाहणाऱ्यांची कशी करमणूक होते, हे त्यांनी मोकळेपणाने सांगितले. एका उतारावर तर पट्ट्या हातच्या निसटल्या आणि स्वारी बसल्या बैठकीने खाली आली. शिंप्याने ज्या कापडाच्या टिकाऊपणाची ग्वाही दिली होती, त्याची परीक्षा तेथे झाली आणि कापड त्या परीक्षेत उतरले नाही. आरोसाच्या हॉटेलात नावे नोंदविताना टोबियासने या सुप्रसिद्ध लेखकाच्या नावापुढे व्यवसाय म्हणून ‘खेळाडू’ असे लिहिले. डॉयल यांना त्याचे मोठे कौतुक वाटले.

या प्रसंगात हसणे पुष्कळ आहे. पण ते कोणाचे, हे पाहावे. जे ब्रांगर बंधू अंधारात शिकले, तेच आपल्या शिष्यासह भर दिवसा निघाले. शिष्य पडला तेव्हा त्यांनी त्याची अप्रतिष्ठा केली नाही. उलट त्याला आपल्या पंक्तीत बसविले. आणि शिष्य स्वतःच स्वतःला हसला. आपण होऊन स्वतःला हसणारा मनुष्य पुन्हा उठतो. दुसऱ्यांच्या हसण्याने मात्र कित्येक जण उठण्याचेच सोडून देतात. हसण्यापासून सुटका करून घेण्यासाठी एकाने अंधार शोधावा, दुसऱ्याने लेखणी उचलावी आणि तिसऱ्याने ती विद्याच टाकून द्यावी. या तिसऱ्याची हानी कोणाच्या खाती मांडावयाची?

आता मूळ प्रश्नाकडे वळू. आपल्याकडे ‘दोष’ हा शब्द फार सढळपणे वापरला जातो. हात वळलेला असताना जो आळसाने वाईट काम करतो त्याचा तो प्रमाद होय. ठाऊक असूनही जो फसवितो त्याचे ते पाप होय. पण ज्याचा हात अजून वळलेलाच नाही, त्याचे काम वाकडे होणे याला काय म्हणावे? गीतेच्या अठराव्या अध्यायात कर्माच्या आरंभाला चिकटलेल्या दोषाचा विचार करताना अग्नी आणि धूर यांचा दृष्टान्त योजिला आहे. तेथील संदर्भ स्वकर्म न टाकण्याचा आहे हे आम्ही जाणतो. परंतु तो दृष्टान्त नवशिक्यालाही लागू पडतो. ओले लाकूड पेटताना धूर येणारच. धुराला भिऊन चूल विझविणारा शहाणा नव्हे आणि धूर हीच ज्वाला असे सांगणाराही प्रामाणिक नव्हे. शिकाऊ माणसाची चूक ही अपूर्णता आहे, अपराध नव्हे. ती अपराध होते दोनच प्रसंगी: तो ती लपवू लागला म्हणजे, किंवा तिचा भार दुसऱ्यावर टाकू लागला म्हणजे.

हा दुसरा प्रसंग महत्त्वाचा आहे. कारण नवशिक्याला क्षमा करा असे म्हणताना त्यालाही काही कर्तव्य आहे, हे विसरता येत नाही. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात ऑस्ट्रियातील आर्लबर्ग भागात हान्नेस श्नायडर यांनी बर्फावर घसरण्याचे शिक्षण क्रमवार लावून दिले. त्यांच्या पद्धतीत आरंभीच पट्ट्यांची टोके जवळ आणून, मागच्या बाजू फाकवून, नांगरासारखा आकार करावयास शिकवीत. या आकाराने वेग आवरता येतो. म्हणजे वेगाने कसे जावे हे पुढचे. आधी थांबता आले पाहिजे. ही शिस्त किती नीतियुक्त आहे! जो थांबू शकत नाही त्याने उंच कड्यावर जाऊ नये. कारण तेथून तो एकटा पडत नाही, वाटेतल्या इतरांनाही घेऊन पडतो.

पुढे १९६७ साली या खेळाच्या आंतरराष्ट्रीय संघटनेने उतारावरील वर्तनाचे दहा नियम ठरविले. त्यांतील दोन आम्हांस विशेष मननीय वाटतात. एक असा की, प्रत्येकाने आपल्या कुवतीप्रमाणे वेग ठेवावा. हा झाला नवशिक्याचा धर्म. दुसरा असा की, मागून येणाऱ्याने आपली वाट अशी निवडावी की पुढे असलेल्यास धोका पोहोचू नये. उतारावर मागून येणारा बहुधा वरून येत असतो. खालचा अडखळत असेल, आडवा पडला असेल, तरी त्याला सांभाळून जाण्याचे दायित्व वरच्याचे. “तो मध्ये का आला?” ही सबब चालत नाही. आपल्या घराघरांत आणि देवळादेवळांत हा नियम लावून पाहिला तर किती वडीलधारी मंडळी त्यात उत्तीर्ण होतील?

हातकामाकडे वळताना हाच प्रश्न अधिक अवघड होतो. बर्फावरील पडल्याची खूण नव्या हिमवर्षावाखाली झाकून जाते. वस्तूतील चूक मात्र वस्तूबरोबर राहते. गांधीजींनी १९०९ साली ‘हिंद स्वराज’मध्ये हातमागाचा पुरस्कार केला, तेव्हा आपण चरखा वा हातमाग पाहिल्याचेही स्मरत नव्हते, असे त्यांनी आत्मकथेत नमूद केले आहे. पुढे चरखा शोधावा लागला. गंगाबेन मजमुदार यांना तो बडोदे संस्थानातील विजापूर येथे सापडला. लोकांनी तो माळ्यावर टाकून दिलेला होता. आश्रमात निघालेली पहिली खादी जाडीभरडी होती आणि तिला वाराला सतरा आणे पडले. हे कापड गांधीजींनी लपविले नाही. त्याच भावाने स्नेह्यांस घेण्याचा आग्रह केला आणि स्नेह्यांनी ते घेतले. येथे फसवणूक नव्हती, कारण दोष उघड होता. आणि घेणाऱ्यांनी कापडासाठीच नव्हे, तर शिकू पाहणाऱ्या हातांसाठी पैसे मोजले.

आता आपल्या देवळात यावे. वात वळणे हे काम वरवर अगदी सोपे. पण नवखा हात वात सैल वळतो तेव्हा ती तेलात लोळते. फार घट्ट वळतो तेव्हा तिला तेल चढत नाही. जाड झाली तर ती काजळी धरते. जाईची माळ केळीच्या सोपटाच्या धाग्याने गुंफताना गाठ जास्त आवळली तर नाजूक देठ तुटतो, ढिली राहिली तर फूल गळून पडते. म्हार्दोळच्या महालसेच्या जायांच्या पूजेत जे फुलांचे वैभव दिसते, त्याच्यामागे अशा किती गाठी, किती तुटलेले देठ आणि किती वर्षांचा सराव असेल!

यावर आक्षेप येतो आणि तो वजनदार आहे. देवाला उत्तम तेच अर्पावे, ही आपली रीत. किडके फूल आपण वाहत नाही, तुटकी अक्षत घेत नाही. मग वेडीवाकडी माळ का घालावी? शिकणाऱ्याच्या सोयीसाठी पूजेत उणेपणा का आणावा? हा आक्षेप भक्तीतून येतो. त्याची थट्टा करणे आम्हांस मान्य नाही. १९८८ साली कॅलगरी येथील हिवाळी ऑलिंपिकमध्ये एडी एडवर्ड्स नावाचा इंग्रज गिलाव्याचे काम करणारा गवंडी स्कीवरून उंच उडी घेण्याच्या दोन्ही स्पर्धांत शेवटचा आला. प्रेक्षकांनी त्याला डोक्यावर घेतले. परंतु १९९० मध्ये पात्रतेचे नियम कडक करण्यात आले. प्रेक्षकांचे प्रेमही खरे आणि नियम करणाऱ्यांची काळजीही खरी. सर्वोच्च स्थानाला काही योग्यता लागते, हे नाकारता येत नाही.

पण या आक्षेपाचे उत्तर नवशिक्याला परत पाठविण्यात नाही. ते त्याला योग्य उतार देण्यात आहे. नंदादीपात नवख्या हाताची वात घालू नये; ती मध्यरात्री विझली तर गाभारा अंधारात राहील. परंतु त्रिपुरी पौर्णिमेला आवारात शेकडो पणत्या लागतात. तेथे एक वात विझली तर शेजारच्या ज्योतीवर ती पुन्हा पेटविता येते. देवाच्या कंठातील माळ जाणत्या हाताची असावी. दाराच्या तोरणातील एखादी सर शिकणाऱ्या मुलीची असण्यास काय हरकत आहे? आपल्या देवळांच्या रचनेतच अशा पायऱ्या आहेत. प्राकार, सभामंडप, गाभारा, अशी वाट क्रमाने आत जाते. शिकणाऱ्यालाही याच क्रमाने आत येऊ द्यावे.

तसे न झाल्यास काय होते, ते आपण पाहतच आहो. मुलीने केलेली माळ तिच्यादेखत उसवून काकू ती पुन्हा गुंफतात. सून वाती वळू लागली की “राहू दे, तुला जमायचे नाही,” असे सासूबाई म्हणतात; कदाचित मायेनेही म्हणत असतील. सेवानिवृत्त गृहस्थ मृदंगावर हात ठेवू पाहतो आणि भजनातली मंडळी एकमेकांकडे पाहून हसतात. मग माळ बाजारातून येते आणि वाती यंत्रावर वळलेल्या, पुडक्यातून. त्यांत वाकडेपणा नसतो हे खरे. पण त्यांनी कोणाचा हातही वळत नाही. आजच्या जाणत्या हातांनंतर देवळात कोण उरणार, हा प्रश्न पुडक्याने सुटत नाही. बेळगाव, इंदूर वा बडोदे येथे ज्यांची मुले घरची भाषाही अडखळत बोलतात, त्यांना हे निराळे सांगावयास नको. पहिल्याच अडखळण्याला हसल्यामुळे कित्येक मुलांनी ती भाषा बोलण्याचेच सोडले आहे.

खोटी स्तुती हाही उपाय नव्हे. वाईट माळेला “सुंदर” म्हणणे म्हणजे पडलेल्याला “तू पडलाच नाहीस” असे सांगणे होय. त्याच्या गुडघ्याला खरे ठाऊक असते. उसविणे नको, हसणे नको, खोटे वाखाणणेही नको. गाठ कोठे आवळली ते दाखवावे आणि ती तिच्याच हाताने सोडवू द्यावी. यास वेळ लागतो, थोडी फुले वाया जातात, पूजेची घाई असते, हे सर्व आम्हांस मान्य आहे. म्हणूनच हा सोयीचा प्रश्न नसून नीतीचा आहे. जो जाणतो त्याने आपला थोडा वेळ आणि थोडा अभिमान नवख्यासाठी खर्च करावयाचा की नाही, एवढाच तो प्रश्न आहे.

प्रत्येक देवस्थानच्या महाजनांनी आणि सेवेकरी मंडळींनी येत्या त्रिपुरी पौर्णिमेपूर्वी एवढे करून पाहावे: ज्यांनी कधी वात वळली नाही अशा दहा जणांना, मग ती मुले असोत की साठी उलटलेले गृहस्थ, कापूस देऊन ओसरीवर बसवावे आणि शेजारी एका जाणत्या बाईंना बसवावे. त्या वातींपैकी काही विझतील, काही धुरकटतील. त्या रात्री विझलेली पणती पुन्हा लावण्यास ज्याने त्याने आपला हात पुढे करावा.