ऐक्याचे मोल कोणी द्यावे?

भाषेचे ऐक्य इष्ट आहे, याविषयी सहसा दुमत आढळत नाही. परंतु त्या ऐक्यासाठी त्याग कोणी करावा, हा प्रश्न क्वचितच विचारला जातो. स्वाहिली व कुर्दी या भाषांचा इतिहास शेजारी शेजारी ठेवून पाहिला असता तो टाळता येत नाही.

पूर्व आफ्रिकेच्या किनाऱ्यावर स्वाहिलीच्या अनेक बोली नांदत आल्या आहेत. लामूची किआमू आणि मोंबासाची किम्विता या जुन्या काव्याने संपन्न बोली. तथापि ब्रिटिश अंमलात १९२८ साली प्रमाण भाषेसाठी झांझिबारची किउंगुजा निवडली गेली आणि १९३० साली स्थापन झालेल्या समितीने तिला शिस्त लावली. वाटेला झांझिबारकर 'न्जिया' म्हणतो, मोंबासाकर 'न्दिया'. पुस्तकांत पहिला शब्द आला, दुसरा घरी राहिला.

कुर्दी भाषा तुर्कस्तान, इराक, इराण व सीरिया या चार राज्यांत विभागलेली आहे. तिच्या कुर्मांजी व सोरानी या दोन प्रमुख बोली. कुर्मांजीत नामांना लिंगभेद आहे, सोरानीत तो बहुतांशी लोपला आहे. कुर्मांजी मुख्यत्वे रोमन लिपीत लिहिली जाते, सोरानी अरबी वळणाच्या लिपीत. तुर्कस्तानात १९८३ च्या कायद्याने कुर्दीच्या वापरावर घातलेली बंदी १९९१ साली उठली. इराकच्या २००५ च्या राज्यघटनेने कुर्दीला अरबीबरोबर राजभाषेचे स्थान दिले. मात्र कुर्दी म्हणजे कोणती बोली, हे तीत सांगितलेले नाही.

यावर कोणी म्हणेल, कुर्दांनी स्वाहिलीचा कित्ता गिरवावा. हा उपदेश आम्हांस उतावळा वाटतो. स्वाहिली बोलणाऱ्या बहुसंख्यांची ती मातृभाषा नव्हे. टांझानियाचे नेते न्येरेरे यांची मातृभाषा झनाकी; तरी त्यांनी शेक्सपियरचे 'ज्यूलियस सीझर' स्वाहिलीत आणले, ते १९६३ साली प्रसिद्ध झाले. अशांना प्रमाण स्वाहिली स्वीकारताना घरची स्वाहिली बोली सोडावी लागली नाही. ऐक्याचे मोल दिले ते मोंबासा-लामूच्या मूठभर किनारवासीयांनी. कुर्दांच्या बाबतीत मात्र एक बोली निवडावी, तर लक्षावधी माणसांना आईच्या मुखातील भाषा दुय्यम मानावी लागेल.

दोहोंकडील त्याग समान नाही. मग न्यायाचे माप तरी एकच कसे असेल? प्रमाण भाषा हवीच. व्यवहार तिच्यावाचून अडतो. परंतु ती ऋणावर उभी असते. ज्यांचे शब्द बाजूला सारून ती उभी राहिली, त्यांच्या बोलीला हसण्याचा अधिकार तिला नाही. मुलूख सोडून राहणाऱ्या आपणांस हे निराळे सांगावयास नको.