साथीतले पोरके मूल आणि कादंबरीकाराचा न्याय

साथीच्या रोगात आईबाप गमावलेले मूल ऐतिहासिक कादंबरीत आले, की देवाला विचारायचा जुना प्रश्न लेखकालाही लागू होतो: या पोराने असे काय केले होते? देवाच्या बाबतीत उत्तर अनुमानाचेच राहते. कादंबरीतल्या आईबापांना कुणी मारले ते मात्र उघड असते. लेखकाने मारलेले असते, आणि बहुधा कथेच्या सोयीसाठी.

कराडच्या परिसरात अशा कथेला लागणारी सामग्री विपुल आहे. सप्टेंबर १८९६ मध्ये मुंबईत उघडकीस आलेला प्लेग पुढे सातारा जिल्ह्यात पसरला आणि दोन दशकांहून अधिक काळ फिरून फिरून येत राहिला. घरात उंदीर पडू लागले की गाव उठे. लोक मळ्यात खोपी घालून राहत. काखेत किंवा जांघेत गाठ आली की घरच्यांना वेगळे काही सांगावे लागत नसे. १९१८ मध्ये इन्फ्लुएन्झा आला. लोकांनी त्याला मानमोडी म्हटले. देशभरात या साथीने सव्वा ते दोन कोटी माणसे नेली, असे अंदाज आहेत. नेहमीचा फ्लू म्हाताऱ्यांना आणि तान्ह्यांना गाठतो. मानमोडीने तरण्याताठ्यांना मोठ्या प्रमाणात उचलले. पदरी लहान मुले असण्याचे वय नेमके तेच. मुले पोरकी होणे हा त्या साथीचा अपघाती परिणाम नव्हता, तिच्या स्वभावातच ते होते.

या दुःखाचे शास्त्रीय समर्थन ब्रह्मसूत्रांच्या दुसऱ्या अध्यायात आहे. जगात एवढी विषमता असताना ईश्वरावर पक्षपाताचा आणि निर्दयतेचा दोष येत नाही, कारण तो जिवांच्या कर्मानुसार फळ देतो. शंकराचार्य पावसाचा दाखला देतात: पाऊस सर्वांना सारखाच, पीक मात्र ज्याच्या त्याच्या बियाण्याप्रमाणे. संसार अनादी मानला की पहिले कर्म कुणाचे, हा पेचही उरत नाही. युक्तिवाद चिरेबंद आहे. पण तो गल्लीत उतरला की त्याचे रूप पालटते. बाप गेलेल्या पोरीला ‘पांढऱ्या पायाची’ म्हणतात, बाळंतपणात आई गेली तर ‘जन्मताच आईला गिळलं’ म्हणतात. देवाची सुटका होते आणि आरोप चार वर्षांच्या मुलावर येतो.

बुद्धाची भूमिका याहून सावध आहे. संयुत्त निकायात मोळियसीवक नावाचा परिव्राजक त्याला विचारतो, की सारे सुखदुःख पूर्वकर्मानेच येते काय. बुद्ध पित्त, कफ, वात, ऋतुबदल, आघात अशी कारणे सांगतो आणि कर्मविपाकाला त्या यादीत एक जागा देतो. सगळी देत नाही. १८९८ मध्ये कराचीत पॉल-लुई सिमाँ याने उंदरावरची पिसू प्लेग पसरवते हे दाखवले. ती पिसू या यादीत सहज बसते.

गावगाड्याची तऱ्हा वेगळीच होती. पटकी आली की मरीआईचा गाडा वाजतगाजत शिवेबाहेर नेत. कोप साऱ्या गावावर झालेला, म्हणून दोष एकट्या पोराचा नव्हता. या समजुतीत माया आहे. मात्र गाडा ज्या शिवेवर सोडायचा, तिच्या पलीकडेही कुणाची तरी पोरे असतात.

मराठी मनात पोरक्या मुलांची आदिकथा आहे ती आळंदीच्या चार भावंडांची. परंपरेनुसार त्यांचे आईबाप विठ्ठलपंत आणि रुक्मिणी यांनी देहान्त प्रायश्चित्त घेतले. म्हणजे मुले पोरकी झाली ती रोगाने नव्हे, धर्मनिर्णयाने. पण पुढे ज्ञानेश्वरी झाली, आणि त्या उजेडात निर्णयाचा क्रूरपणा फिका पडला. ऐतिहासिक कादंबरी हाच साचा उचलते. यशवंतराव चव्हाणांचे वडील कोर्टात बेलिफ होते; मुलगा लहान असतानाच ते प्लेगने गेले. आई विठाईंनी मुलांना वाढवले, कराडच्या टिळक हायस्कुलात यशवंतराव शिकले, आणि पुढे ते महाराष्ट्राचे पहिले मुख्यमंत्री झाले. घटना खऱ्या आहेत. त्यांना ‘म्हणूनच’ या शब्दाने जोडले की कादंबरीकार नकळत कर्मवादाला शरण जातो, फक्त हिशेब उलटा मांडतो: आधी फळ, मग त्याला साजेसे दुःख. त्याच साथीत बाप गमावून शेरडामागे आयुष्य घालवलेल्या पोराला या हिशेबात जागाच नसते.

दोस्तोयेव्हस्कीचा इव्हान कारामाझोव्ह म्हणतो, की एका लेकराच्या यातनेवर उभारलेली सुसंवादी सृष्टी त्याला नको. तो ईश्वराशी भांडतो आहे, पण ते भांडण सुखान्त कादंबरीलाही झोंबते. काम्यूच्या ‘प्लेग’मध्ये पॅनलू हा पाद्री आधी साथीला शिक्षा म्हणतो, दंडाधिकाऱ्याच्या मुलाचे तडफडणे पाहिल्यावर त्याच्या प्रवचनातला ‘तुम्ही’ जाऊन ‘आपण’ येतो. काम्यू त्या मरणाचा कुणालाही फायदा होऊ देत नाही. कादंबरीचा प्रामाणिकपणा इथेच दिसतो.

इतिहासही कधी कधी कथेचा साचा मोडतो. १८९७ मध्ये सावित्रीबाई फुले यांनी मुंढव्याहून पांडुरंग बाबाजी गायकवाड या प्लेगग्रस्त मुलाला पाठीवर घेऊन आपले दत्तक पुत्र डॉ. यशवंत यांच्या दवाखान्यात आणले. मुलगा वाचला, १० मार्च रोजी सावित्रीबाई प्लेगनेच गेल्या. सांगणारे इथेच थांबतात. त्यागाची कथा पूर्ण झाली, मग मुलाचे काय झाले हे कोण विचारतो? खरे तर कादंबरी तिथून सुरू व्हायला हवी, कारण आपल्यासाठी कुणी मेले हे ओझे वागवत जगणे हा मरणाहून अवघड विषय आहे.

पोरकेपण हे मरणाच्या दिवशी संपत नाही, त्या दिवशी सुरू होते. जमीन कोणत्या चुलत्याच्या ताब्यात गेली, पोरीचे लग्न किती घाईत उरकले, आजोळी भाकरी कुणाच्या आधी आणि कुणाच्या नंतर वाढली गेली: या ठिकाणी दैव नसते, भाऊकी असते. तिला कर्माचे नाव देता येत नाही. म्हणून दोषाचा प्रश्न इथे देवाकडून माणसाकडे येतो, आणि उत्तरही माणसाकडूनच मागता येते.

४ ऑक्टोबर १९१९ रोजी, म्हणजे मानमोडीनंतर वर्षभरात, कराड तालुक्यातील काले येथे भाऊराव पाटलांनी रयत शिक्षण संस्था स्थापन केली. पुढे साताऱ्याच्या वसतिगृहात सर्व जातींची गरीब मुले एकत्र राहिली आणि जेवली. साथीने पोरक्या झालेल्या नायकाला कालेच्या वाटेला लावण्याचा मोह कोणत्याही लेखकाला होईल, आणि तो मोह गैर नाही. मात्र साथ आली ती संस्था निघावी म्हणून, असे त्या प्रसंगातून सुचता कामा नये. दोन्ही गोष्टी एकाच मुलखात, एका वर्षाच्या अंतराने घडल्या, एवढेच कादंबरीने मान्य करावे.