आधी विचारावे

रुग्णाविषयी दया वाटणे आणि त्याच्याशी नाते जोडणे या दोन गोष्टी एकच आहेत काय? ज्याची दया येते त्याला आपण बरोबरीचे मानतोच असे नाही. रुग्णसेवेत हा भेद फार महत्त्वाचा आहे.

भिलाईच्या पावर हाउस रेल्वे स्थानकावर १ जुलै १९९२ रोजी आंदोलक कामगारांवर पोलिसांनी गोळीबार केला व अनेक कामगार मृत्युमुखी पडले. हे आंदोलन छत्तीसगड मुक्ती मोर्चाचे होते. याच चळवळीतील खाणकामगारांनी, भिलाईला लोहखनिज पुरवणाऱ्या दल्ली राजहरा येथे, १९८३ साली शहीद हॉस्पिटल सुरू केले होते. १९७७ च्या गोळीबारात गमावलेल्या सोबत्यांचे ते स्मारक होय. ते कामगारांच्या पैशाने व श्रमाने उभे राहिले आणि त्यांच्यातीलच काही जण शिकून आरोग्यसेवक झाले. तेथे येणारा मजूर परक्याच्या दारी येत नव्हता. अनावश्यक इंजेक्शन टाळावे, जुलाबात मीठ-साखरेचे पाणी द्यावे, हा साधा सल्लाही सांगणारा आपला असला म्हणजे पटतो.

छत्तीसगडच्या सीमेला लागून असलेल्या गडचिरोलीत डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांनी आदिवासींना विचारले, तुम्ही दवाखान्यात का येत नाही? मोठ्या इमारतीची भीती वाटते. पांढरे कपडे पाहून प्रेताचे वस्त्र आठवते, असे उत्तर मिळाले. म्हणून शोधग्रामचे रुग्णालय आदिवासी पाड्यासारखे, नातलगांना रुग्णाजवळ राहता येईल असे बांधले गेले.

'थेरपी' या शब्दाच्या मुळाशी असलेले ग्रीक क्रियापद शुभवर्तमानांत 'बरे करणे' या अर्थाने येते. प्रेषितांच्या कृत्यांच्या सतराव्या अध्यायात मात्र त्याचा अर्थ 'सेवा करणे' असा होतो. मराठीत आपल्याला दोन निरनिराळे शब्द योजावे लागतात. मूळ शब्द सुचवतो की बरे करणारा हा सेवक आहे. आणि सेवकाने आधी विचारायचे असते.

कोणी म्हणेल, दवाखान्यात शंभर जणांची रांग असता विचारपूस करण्यास वेळ कोठून आणावा? ही अडचण खरी आहे. परंतु क्षयरोगाचे उदाहरण घ्या. सर्वसाधारणपणे सहा महिने औषध घ्यावे लागते. काही आठवड्यांत खोकला कमी होतो, रुग्ण गोळ्या सोडतो आणि जंतू औषधाला दाद देईनासे होण्याचा धोका उद्भवतो. त्याने गोळ्या का सोडल्या? मजुरी बुडत होती, मळमळत होते, की सासरी कळण्याची भीती होती? हे तोच जाणतो, आणि ज्याचे भय वाटत नाही त्यालाच सांगतो. तेव्हा ते दोन शब्द औषधाइतकेच आवश्यक आहेत.

आणखी एक गोष्ट. जो विचारतो त्याने 'नको' हे उत्तरही ऐकण्याची तयारी ठेवावी. रुग्णाला समजावता येईल, पुन्हा विचारता येईल; पण त्याचा निर्णय परस्पर घेता येणार नाही. ही तयारी नसेल तर आपले विचारणे हा, मराठीत ज्याला आपण म्हणतो तसा, केवळ उपचार ठरेल. त्याने कोणी बरे होणार नाही.