बोक्याची तहान

निनाद : मावशी, बोका भांड्यातलं पाणी नुसतं हुंगतो आणि निघून जातो. बेसिनचा नळ सोडला की मात्र डोळे मिटून चाटत बसतो. वायरी कुरतडतो, म्हणून विजेचं कारंजं नको. ते उलट्या बाटलीचं घेऊ का?

मावशी : त्यात पाणी वाहतं कुठे? तो प्यायला, वाटीतली पातळी उतरली, की बाटलीत हवेचा बुडबुडा शिरतो आणि तेवढंच पाणी खाली येतं. एरवी ते साचलेलंच.

निनाद : विजेशिवाय वाहणारं काहीच नाही?

मावशी : आहे. अलेक्झांड्रियाच्या हेरॉनचं, पहिल्या शतकातलं. शाळेत मी बाटल्या-नळ्या जोडून मुलांना करून दाखवायचे. उतरणारं पाणी हवा दाबतं, ती हवा दुसऱ्या भांड्यातलं पाणी वर उडवते. पण सगळं पाणी तळाच्या भांड्यात उतरलं की कारंजं बंद. मग ते पुन्हा वर कुणी चढवायचं? तू तर दिवसभर ऑफिसात.

निनाद : मग नळाचे लाडच बंद करतो. तहान लागली की पिईल वाटीतलं.

मावशी : तेवढं करू नकोस. मांजरं मूळची कोरड्या मुलखातल्या रानमांजरांची. लघवी घट्ट करून पाणी वाचवतात, तहान लागली तरी चटकन पाण्याकडे वळत नाहीत. त्यात बोक्यांची मूत्रनलिका अरुंद. लघवी तुंबली तर एक-दोन दिवसांत जिवावर बेततं.

निनाद : म्हणजे हट्ट पुरवायचाच? गरज पाण्याची आहे, वाहत्या पाण्याची नाही.

मावशी : ही फोड आपण केलेली, त्याला ती ठाऊक नाही. हट्ट पुरवल्याशिवाय तो पाणीच पीत नसेल, तर तुझ्या फोडीला काय अर्थ? त्याच्या वतीने ठरवायचं तर आधी त्याच्या पोटात पाणी कसं जाईल ते बघ. चार किलोच्या मांजराला दिवसाला साधारण 200 मिली लागतं, त्यात खाण्यातलंही आलं. कोरड्या खाद्यात पाणी जेमतेम दहावा हिस्सा, ओल्यात तीन चतुर्थांशाच्या आसपास. एक वेळचं ओलं दे. दोन पसरट वाट्या ठेव, खाण्यापासून आणि शीच्या ट्रेपासून लांब. आणि घरी असशील तेव्हा नळ सोड की, खाली बादली लाव.

निनाद : आणि मी रात्री उशिरा आलो तर? तेव्हा तरी बाटलीच कामाला येईल.

मावशी : येईल. पण ती सोय तुझ्यासाठी, हे धरून घे. आठवडाभर पुरणारी बाटली असली की आठवडाभर तिकडे बघणं होत नाही. वाटीला बुळबुळीत थर धरतो. शिवाय मांजर एकाएकी जास्त पाणी प्यायला लागलं तर तीही मूत्रपिंडाच्या दुखण्याची खूण असू शकते. हाताने भरलंस तर लक्षात येईल.

निनाद : बाटलीवर रेघ मारली तरी येईल, मावशी.

मावशी : रोज बघणार असशील तर येईल.

निनाद : बघेन. रोज धुईनही.

मावशी : मग घे. वाटी स्टीलची हवी, आणि बाटलीचं तोंड ब्रश आत जाईल एवढं रुंद आहे ना, ते दुकानातच बघून घे.